मोटारगाडीचे सरकते छत : घरच्या घरी दुरुस्ती आणि तिची मर्यादा

छत्रपती संभाजीनगर शहरातून छावणी ओलांडून पश्चिमेकडे निघालेला रस्ता पडेगाव व मिटमिटा या मार्गाने दौलताबाद आणि वेरूळकडे जातो. एकेकाळी शहराबाहेरचे गाव म्हणून ओळखले जाणारे पडेगाव आता वाढत्या शहराला येऊन भिडले आहे. नव्या वसाहतींतील घरांसमोर मोटारगाड्या दिसतात. त्यांपैकी कित्येक गाड्या वर्षभर उघड्यावरच उभ्या असतात. उन्हाळ्यात या भागात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, रस्त्यावरची मुरमाची व मातीची धूळ प्रत्येक फटीत जाऊन बसते आणि जूनमध्ये पावसास सुरुवात होते. वर्षाकाठी पडणाऱ्या सुमारे ७०० मिलिमीटर पावसापैकी बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो.

ऊन, धूळ आणि पाऊस या तिघांचा एकत्रित मारा गाडीच्या ज्या भागावर सर्वाधिक होतो, तो भाग म्हणजे छतातील विजेवर सरकणारी काच, अर्थात सनरूफ. हे छत बिघडले की दोनच प्रकार संभवतात. ते मिटलेलेच राहते किंवा उघडे राहते. पहिल्या प्रकारात गैरसोय होते. दुसऱ्या प्रकारात नुकसान होते. सनरूफच्या काचेची लांबी ८० सेंटिमीटर आणि रुंदी ५० सेंटिमीटर धरली, तर २५ मिलिमीटरच्या एका सरीत तेवढ्या उघड्या जागेतून १० लिटर पाणी गाडीत पडते. म्हणूनच या यंत्रणेची रचना, तिच्यातील नेहमीचे दोष, त्यांवर घरी करता येण्याजोगे उपाय आणि त्या उपायांची मर्यादा यांची माहिती गाडी वापरणाऱ्या प्रत्येकास असणे अगत्याचे आहे.

चैनीतून सर्वसामान्यांकडे

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यास वाहन उद्योग नवा नाही. वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. शेंद्रा येथे स्कोडा मोटारगाड्यांची जुळणी २००१ मध्ये सुरू झाली. या कारखान्यांभोवती सुटे भाग तयार करणारे अनेक लहानमोठे उद्योग उभे राहिले. जुलै २०२४ मध्ये या जिल्ह्यात मोटारगाड्यांचा नवा प्रकल्प उभारण्यासंबंधी राज्य शासन आणि टोयोटा किर्लोस्कर मोटर यांच्यात सामंजस्य करार झाला.

सरकत्या छताची कल्पना मात्र बरीच जुनी आहे. अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३७ मध्ये आपल्या गाड्यांना धातूचे सरकते छत दिले. १९६५ मध्ये जर्मनीहून अमेरिकेत गेलेल्या हाइन्झ प्रेक्टर यांनी केवळ अशी छते बसविण्यासाठी ‘अमेरिकन सनरूफ कंपनी’ स्थापन केली. भारतात ही सोय दीर्घकाळ महागड्या गाड्यांपुरतीच मर्यादित होती. गेल्या दहा वर्षांत ती मध्यम आणि नंतर लहान गाड्यांतही आली. २०२३ मध्ये टाटा अल्ट्रोझ व ह्युंदाई एक्स्टर यांसारख्या आटोपशीर गाड्यांतही ती उपलब्ध झाली. परिणामी, पूर्वी ज्या दुरुस्तीशी सामान्य कुटुंबाचा संबंध येत नव्हता, ती आता शिक्षक, शेतकरी आणि लहान व्यापारी यांच्याही दारात येऊन उभी आहे.

या दुरुस्तीविषयी दोन टोकांचे समज आढळतात. एक समज असा की, सनरूफ बिघडले म्हणजे संपूर्ण सांगाडा बदलण्याखेरीज गत्यंतर नाही. दुसरा असा की, चार स्क्रू सैल करून आणि थोडे तेल सोडून कोणीही ते दुरुस्त करावे. वस्तुस्थिती या दोहोंच्या मध्ये आहे. साचलेली धूळ, सुकलेले ग्रीस, तुंबलेल्या नळ्या, जळालेला फ्यूज आणि यंत्रणेची हरवलेली नोंद हे नेहमी आढळणारे दोष घरी दूर करता येतात. तुटलेली केबल, निकामी विद्युत मोटर आणि छताच्या अस्तरामागील काम यांना मात्र घरी हात लावू नये.

यंत्रणेची रचना

सनरूफचे मुख्य भाग सहा असतात : काच, तिच्या दोन्ही बाजूंचे रूळ, रुळांतून सरकणाऱ्या दोन केबली, विद्युत मोटर, नियंत्रक आणि पाणी वाहून नेणारी पन्हळ.

यांपैकी केबलीचे कार्य समजून घेण्याजोगे आहे. सायकलच्या ब्रेकची तार केवळ ओढण्याचे काम करते; ती ढकलू गेल्यास वाकते. सनरूफची केबल ओढते तसेच ढकलतेही. तिच्या पोलादी गाभ्याभोवती तारेचे मळसूत्रासारखे वेढे घट्ट बसविलेले असतात आणि ती अरुंद नळीतून जात असल्यामुळे वाकत नाही. मोटरचे लहान दातेरी चाक या वेढ्यांत अडकते. चाक फिरले की एक केबल डाव्या बाजूने आणि दुसरी उजव्या बाजूने सारख्याच अंतराने सरकते व काचेस नेते. दोन्ही केबली बरोबरीने चालल्या तरच काच सरळ सरकते. एका बाजूच्या रुळात खडा अडकला अथवा ग्रीस सुकले, तर ती बाजू मागे राहते, काच तिरपी होते आणि जाम बसते.

नियंत्रकाचे काम मोजणीचे आहे. मोटरचे किती फेरे झाले यावरून काच कोठे पोहोचली, हे तो ठरवितो. मिटताना मध्येच अडथळा आला आणि मोटरवर अनपेक्षित भार पडला, तर तो काच थांबवून मागे फिरवितो. बोट अथवा हात चेमटू नये यासाठी ही योजना असते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक २१ व्या नियमानुसार आपोआप मिटणाऱ्या काचेचा दाब १०० न्यूटन, म्हणजे सुमारे १० किलोग्रॅम वजनाच्या भाराएवढा होण्यापूर्वी ती मागे फिरली पाहिजे. मात्र नियंत्रकास अडथळा हाताचा आहे की कोरड्या रुळाचा, हे कळत नाही. त्यामुळे पुष्कळदा मिटत आलेली काच पुन्हा उघडते, तेव्हा बिघाड मोटरचा नसून रुळातील धुळीचा असतो.

पाणी आत येते, ते बाहेर गेले पाहिजे

काचेभोवतीच्या रबरी पट्टीमुळे पाणी पूर्णपणे अडते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. रबरामुळे बहुतेक पाणी बाहेर राहते. परंतु थोडे पाणी झिरपणार, हे गृहीत धरूनच रचना केलेली असते. झिरपलेले पाणी चौकटीच्या पन्हळीत जमते आणि तिच्या कोपऱ्यांतून निघालेल्या नळ्यांवाटे बाहेर पडते. साधारणपणे अशा चार नळ्या असतात. पुढील दोन नळ्या समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून उतरून दाराच्या बिजागरीजवळ अथवा पुढील चाकाच्या वरील भागात उघडतात. मागील दोन नळ्या मागच्या खांबांतून चाकाजवळ किंवा बंपरामागे उघडतात.

घराच्या गच्चीवरील निचऱ्याच्या पाइपात पाला अडकला की छत गळू लागते, तसाच प्रकार येथे घडतो. धूळ, कडुलिंबाची पाने आणि मोहोर यांचा लगदा नळीच्या तोंडाशी बसतो. पन्हळ भरते आणि पाणी आतल्या बाजूने ओसंडते. छताच्या अस्तरावर डाग पडणे, दिव्याजवळ थेंब दिसणे, पायाखालचा गालिचा ओला होणे आणि कुबट वास येणे ही त्याची लक्षणे होत. अनेक गाड्यांत फ्यूजपेटी व विजेची नियंत्रक उपकरणे चालकाच्या पायाजवळ असतात. तेथवर पाणी पोहोचल्यास दारांचे कुलूप, दिवे आणि वायपर यांत अनाकलनीय बिघाड सुरू होतात. चमचाभर गाळामुळे हजारो रुपयांचे नुकसान होते, ते असे.

दोषाचे निदान

हत्यार हाती घेण्यापूर्वी लक्षण नीट पाहावे आणि ऐकावे. कळ दाबली असता काय घडते, यावरून पुढील दिशा ठरते.

१. काच हलत नाही आणि आवाजही येत नाही : फ्यूज, कळ अथवा बॅटरी तपासावी. गाडी बरेच दिवस उभी असेल, तर बॅटरी उतरलेली असू शकते. काही गाड्यांत इंजिन सुरू असल्याखेरीज सनरूफ चालत नाही.

२. काच मिटत येते आणि पुन्हा उघडते : रूळ मळलेले अथवा कोरडे आहेत, रबर चिकटले आहे किंवा नियंत्रकाची नोंद चुकली आहे. या दोषावर घरी उपाय होतो.

३. बॅटरी काढून बसविल्यानंतर एका स्पर्शात काच मिटण्याची क्रिया बंद पडली : बहुधा काही तुटलेले नसते. नियंत्रकास पुन्हा ओळख करून द्यावी लागते.

४. मोटरचा आवाज येतो, परंतु काच हलत नाही : मोटरचे दातेरी चाक अथवा केबल झिजली आहे. कळ पुन्हा दाबू नये.

५. काच तिरपी सरकते अथवा कडकड आवाज येतो : एका बाजूची केबल किंवा तिला काचेशी जोडणारा भाग तुटला आहे. येथेही थांबावे.

६. काच नीट चालते, परंतु पाणी गळते : निचऱ्याच्या नळ्या तपासाव्यात. रबराभोवती सिलिकॉनचा लेप मुळीच लावू नये. त्यामुळे मूळ कारण तसेच राहते आणि पुढील दुरुस्ती अवघड होते.

फ्यूज तपासताना गाडीची चावी बंद असावी. सनरूफचा फ्यूज बहुधा २० ते ३० अँपिअरचा असतो. त्याचे स्थान माहितीपुस्तिकेत व फ्यूजपेटीच्या झाकणावर दिलेले असते. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच क्षमतेचा फ्यूज बसवावा. अधिक क्षमतेचा फ्यूज अथवा तारेचा तुकडा लावल्यास वायर तापून आग लागण्याचा धोका असतो. नवा फ्यूजही लगेच जळाल्यास दोष अन्यत्र आहे, असे समजून काम थांबवावे.

पाऊस आला आणि छत उघडे राहिले तर

वेरूळच्या वाटेवर असताना काच उघडी अडकली आणि आभाळ भरून आले, तर दुरुस्तीपेक्षा छत मिटविणे महत्त्वाचे ठरते. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी हाताने फिरविण्याची सोय असते. छतातील दिव्याजवळचे लहान झाकण काढले असता मोटरचा षट्कोनी खाचा दिसतो. त्यात योग्य मापाची एलन की बसवून सावकाश फिरविल्यास काच मिटते. काही गाड्यांत ही किल्ली हत्यारांच्या पिशवीत दिलेली असते. फिरविण्याची दिशा पुस्तिकेत पाहावी. कळ चुकून दाबली जाऊ नये म्हणून प्रथम चावी बंद करावी. विजेवर चालणारे ड्रिल मशीन येथे वापरू नये; केबलीचे वेढे सोलून निघतात.

काही नव्या गाड्यांत ही सोय नसते. अशा वेळी गाडी आडोशाला नेऊन छतावर ताडपत्री अथवा जाड प्लॅस्टिक दोऱ्यांनी बांधावे. काच दोन्ही हातांनी ओढून मिटविण्याचा प्रयत्न करू नये.

साफसफाई आणि वंगण

या कामास स्वच्छ सुती फडके, जुना दात घासण्याचा ब्रश, साबणाचे सौम्य पाणी, घरातील धूळ शोषणारे यंत्र असल्यास ते, आणि सनरूफसाठी उत्पादकाने सुचविलेले ग्रीस एवढे साहित्य पुरते. गाडी सावलीत व सपाट जागी उभी करावी. काच पूर्ण उघडावी आणि चावी काढून घ्यावी, म्हणजे हात रुळात असताना काच सरकण्याची भीती राहत नाही.

प्रथम सुकी धूळ शोषून अथवा ब्रशने झाडून काढावी. पाणी आधी ओतल्यास धुळीचा चिखल होऊन तो नळ्यांत जातो. त्यानंतर ओलसर फडक्याने रुळांतील जुने, काळे पडलेले ग्रीस पुसावे. पुढील कडेस असलेली वारा अडविणारी जाळी किंवा पट्टी सांभाळून स्वच्छ करावी. तिचे प्लॅस्टिकचे टोक ओढाताणीत तुटते आणि पुढे तेच रुळात अडकते. रबरी पट्टी पाण्याने पुसून कोरडी करावी. पेट्रोल अथवा रॉकेल तिला लावू नये. रबर फुगते व भेगाळते.

वंगणाचा थर अगदी पातळ असावा. इंजिन ऑइल, खोबरेल तेल किंवा ट्रॅक्टरसाठी वापरले जाणारे ग्रीस रुळात घालणे ही सर्वाधिक होणारी चूक आहे. अशा वंगणावर धूळ चिकटून कानसेसारखा लेप तयार होतो आणि प्लॅस्टिकचे सरकते भाग झिजतात. ग्रीस लावल्यानंतर काच दोनतीन वेळा उघडून मिटवावी आणि बाजूला जमलेले जादा ग्रीस पुसून टाकावे.

निचऱ्याच्या नळ्या

पन्हळीच्या पुढील कोपऱ्यांत नळ्यांची तोंडे दिसतात. तेथे पेलाभर पाणी सावकाश ओतावे आणि दुसऱ्या व्यक्तीने गाडीखाली पाहावे. काही क्षणांतच त्या बाजूस धार दिसली पाहिजे. पाणी कोपऱ्यातच साचून राहिल्यास नळी तुंबली आहे, असे समजावे व अधिक पाणी ओतू नये.

नळी मोकळी करण्यासाठी नायलॉनचा जाड तंगूस उत्तम. त्याचे टोक मेणबत्तीवर किंचित तापवून गोल करावे, म्हणजे नळीस भोक पडत नाही. तंगूस हलक्या हाताने आतबाहेर करीत सरकवावा आणि पुन्हा थोडे पाणी सोडून पाहावे. लोखंडी तार वापरू नये. पंक्चरच्या दुकानातील हवेचा जोरदार झोतही सोडू नये. त्या दाबाने नळी अस्तरामागील जोडापासून निसटते आणि मग प्रत्येक सरीचे पाणी थेट गाडीत उतरते. मागील नळ्यांची तोंडे बऱ्याच गाड्यांत सहज दिसत नाहीत. ती कार्यशाळेत तपासून घ्यावीत.

नियंत्रकास पुन्हा ओळख

बॅटरी काढली, फ्यूज बदलला अथवा काच हाताने मिटविली, की नियंत्रकाची मोजणी चुकते. ती जुळविण्याची पद्धत प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. अनेक गाड्यांत काच मिटवून कळ मिटविण्याच्या दिशेने काही सेकंद दाबून धरावी लागते. काच किंचित हलली की कळ सोडून पुन्हा दाबून धरावी. मग काच एकदा पूर्ण उघडून मिटते आणि नोंद पूर्ण होते.

येथे एक गंभीर सूचना आवश्यक आहे. ही क्रिया सुरू असताना अडथळा येताच काच मागे फिरविणारी योजना पुष्कळ गाड्यांत बंद असते. म्हणून त्या वेळी गाडीत मुले नसावीत आणि कोणाचाही हात काचेच्या मार्गात नसावा.

कोठे थांबावे

केबल, मोटर अथवा संपूर्ण चौकट बदलायची झाल्यास बहुतेक गाड्यांत छताचे अस्तर उतरवावे लागते. अनेक गाड्यांत याच अस्तराच्या कडांमागे अपघाताच्या वेळी फुगणाऱ्या पडद्यासारख्या एअरबॅगा बसविलेल्या असतात. चुकीच्या हाताळणीने त्या अवेळी फुगून इजा होऊ शकते, अथवा प्रत्यक्ष अपघातात त्या फुगतच नाहीत. काच बदलतानाही ती छताशी समतल बसली नाही, तर पाणी आणि वारा दोन्ही आत येतात. ही कामे प्रशिक्षित कारागिरानेच करावीत. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर कोणताही स्क्रू काढण्यापूर्वी हमीच्या अटी वाचाव्यात. शासकीय वाहनाच्या बाबतीत चालकाने स्वच्छता व नळ्यांची तपासणी करावी, दोष नोंदवहीत लिहावा आणि दुरुस्ती विहित मार्गानेच करून घ्यावी.

ज्या गाडीस मुळात सनरूफ नाही, तिचे छत कापून ते बसविणे हा दुरुस्तीचा भाग नव्हे. छताचा पत्रा हा गाडीच्या मजबुतीचा घटक असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करण्यावर निर्बंध आहेत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले आहे.

मुलांची सुरक्षितता

दुरुस्त झालेल्या सनरूफचा वापर कसा होतो, हा प्रश्न दुरुस्तीइतकाच महत्त्वाचा आहे. सहलीला अथवा लग्नाच्या वरातीत चालत्या गाडीच्या छतातून मुले अर्धी बाहेर उभी असल्याचे दृश्य रस्त्यावर दिसते. अशा वेळी अचानक ब्रेक लागला, तर मुलाचे पोट अथवा छाती काचेच्या कडेवर आदळते. रस्त्यावर आडवी आलेली तार, पतंगाचा मांजा किंवा झाडाची फांदी यांचा धोका तर निराळाच. सनरूफ प्रकाश आणि हवा यांसाठी आहे. ते उभे राहण्याचे सज्जे नव्हे. वाहनाच्या अंगाबाहेर व्यक्ती नेण्यास अधिनियमाच्या कलम १२३ नुसार मनाई आहे आणि १४ वर्षांखालील मुलास सीटबेल्ट अथवा बालआसनाने सुरक्षित न केल्यास कलम १९४-ब नुसार १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. शाळेतील रस्ता सुरक्षेच्या पाठात शिक्षकांनी आणि गावातील समारंभप्रसंगी पंचायत सदस्यांनी ही गोष्ट आवर्जून सांगितली, तर एखादा अनर्थ टळू शकेल.

वर्षातून दोन वेळा

शेतकरी पेरणीपूर्वी बांध व चर पाहून घेतो आणि घरधनी मृगापूर्वी कौले शाकारतो. तीच दृष्टी गाडीच्या छतास लावली, तर निम्म्याहून अधिक दगदग वाचते. मे महिन्याच्या अखेरीस रूळ झाडून, नळ्या तपासून काच चालवून पाहावी. दिवाळीच्या सुमारास पावसाळ्यातील गाळ काढून वंगण बदलावे. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीची पन्हळ मात्र दर महिन्यास पाहावी. एका सकाळचे हे काम आहे. त्यासाठी लागते ती थोडी चिकाटी आणि आपल्या हाताची मर्यादा ओळखण्याची समज. पहिल्या सरीनंतर पडेगावच्या अंगणातील गाडीचे दार उघडावे आणि आतील गालिचा कोरडा लागावा, एवढेच या तपासणीचे फळ. पण ते हाती यावयाचे, तर काम पावसाआधीच झाले पाहिजे.